सुया तीन, बाहुली एक

माझ्या नातीचं ऑपरेशन पहिल्यांदा रद्द झालं ते माझ्या पर्समुळे. पर्समध्ये एक मामूल होतं. मामूल म्हणजे खजूर भरलेलं, वर पिठीसाखर भुरभुरलेलं इथलं बिस्कीट. मला मधुमेह आहे, साखर एकदम उतरली तर जवळ काहीतरी असावं म्हणून मी ते बाळगते, असं मी घरात सांगते. खरं कारण एवढंच की मला मामूल आवडतं.

रविवारी सकाळी जेद्दाच्या एका हॉस्पिटलात आम्ही तिघी बसलो होतो. सहा वर्षांची नात, माझी मुलगी आणि मी. पोरीच्या पोटात रात्रीपासून काही नव्हतं. "आजी, बाथरूम जाना है," म्हणाली आणि माझी पर्स गळ्यात अडकवून गेली. मला वाटलं, मोठ्या बाईसारखं मिरवायची हौस. परत आली तेव्हा वरच्या ओठावर पांढरी मिशी. नर्सने फॉर्म भरता भरता विचारलं, काही खाल्लं नाहीस ना बाळा? पोरीने मान ताठ करून सांगितलं, "येस. वन. फुल."

भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं. खलास! पुढच्या रविवारची तारीख मिळाली.

मुलगी डोळ्यांची डॉक्टर आहे, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. गाडीत बसल्यावर तिने फक्त एकच वाक्य उच्चारलं. "आई, तू सव्वीस वर्षं ओटीत, ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढलीस ना गं?" पुढे अझीझियातलं घर येईपर्यंत मी सिग्नल मोजत बसले. मागच्या सीटवर एक व्यक्ती मात्र बोटाला लागलेली साखर चाटत होती.

ऑपरेशन म्हणाल तर अगदी किरकोळ. पोरीच्या बेंबीपाशी बोराएवढा उंचवटा आहे, रडली किंवा खोकली की पुढे येतो. तो आत ढकलून चार टाके घालायचे, संध्याकाळी घरी. पण पोरगी तयार नव्हती. वर्गातल्या मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की डॉक्टर पोटात कात्री विसरतात. मुलीने टॅबलेटवर चित्रं दाखवून अर्धा तास समजावलं, असं कधीच होत नाही. जावई रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, महिन्यातून दोनदा विमानाने घरी येतात. त्यांनीही व्हिडिओवरून सांगितलं, असं कधीच होत नाही.

दुपारी मुलगी ड्युटीवर गेली. पोरगी माझ्या पलंगावर चढून बसली.

"आजी, सच बोलो. कभी नहीं होता?"

आता काय सांगू? ज्या बाईने सव्वीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून सुया मोजल्या, तिने 'कधीच नाही' कसं म्हणायचं? कधीच होत नसतं तर आम्ही मोजत कशाला होतो?

"होऊ शकतं," मी म्हटलं. "म्हणून तर मोजतात."

"कौन?"

"माझ्यासारख्या म्हाताऱ्या. म्हणजे तेव्हा तरुण होते."

तिला ते दोन्ही खरं वाटलं नाही. म्हणून मी म्हटलं, चल गो, आपण एक बाहुली शिवूया. तिला बेंबी करूया, तिचं ऑपरेशन करूया आणि सुया मोजूया. डोळे लगेच चमकले. "इसको भी बंप होगा?" होगा, म्हटलं. तुझ्यापेक्षा मोठा.

एक गोष्ट आधीच कबूल करते. बाहुली शिवायला मला माझ्या आईने शिकवलं होतं आणि मी ते शिकताना नाक मुरडलं होतं. आमच्याकडे राजापूरला माझी आई जुन्या धोतराच्या बाहुल्या करून वाडीतल्या पोरींना वाटायची. मी नर्सिंग करून इकडे उत्तरेला, हाइलच्या हॉस्पिटलात नोकरीला लागले आणि पहिल्या सुट्टीत घरी गेले, ती हातात सोन्याचं घड्याळ, डोळ्यांवर घराच्या आतसुद्धा काळा चष्मा. आई म्हणाली, "ये गो, बस, एक हात लाव, बाहुलीचा पाय राहिलाय." तर ही बया काय म्हणाली असेल? "आई, मी माणसं शिवते. बाहुल्या नाही."

माणसं! मी एक माणूस शिवलं नव्हतं. शिवायचे ते डॉक्टर. मी त्यांच्या हातात सुई द्यायची. पण सगळ्या वाडीत पसरलं की अमकीची मुलगी तिकडे अरबांची ऑपरेशनं करते, आणि मी कोणाचाच गैरसमज दूर केला नाही. उलट शेजारच्या काकूंना जखम कशी बंद करावी ते माशाच्या पोटावर करून दाखवलं. काकूंनी तो मासा नंतर तळला, दोऱ्यासकट.

आईने मात्र सुई ओवली. बाहुलीचा पाय तिने स्वतः लावला.

तर बाहुली. मुलीच्या घरात एक झिजलेली पांढरी उशीची खोळ होती, ती घेतली. दुहेरी करून पोरीने पेन्सिलने त्यावर आकार काढला. डोकं भोपळ्याएवढं, हात आखूड, पाय लांब. मी तो थोडा सुधारायला गेले, तर "नो आजी, शी इज लाइक दॅट." बरं बाई. कापून, उलट बाजूने धावदोरा घालून कडेला, बगलेखाली, तीन बोटं तोंड उघडं ठेवलं आणि त्या तोंडातून बाहुली सुलटी केली. पाय काही सुलटा होईना. पेन्सिलीचं मागचं टोक आतून ढकलत ढकलत आम्ही दोघी घामाघूम झालो. पाय एकदाचा पॉप करून बाहेर आला तेव्हा पोरगी टाळ्या वाजवत ओरडली, "बेबी आ गया!" मी प्रसूती विभागात कधी काम केलं नव्हतं. तेही झालं.

हे सगळं ओटीच्या नियमाने. फ्रिजच्या दारावर एक पांढरा फळा चिकटवलेला आहे, मुलगी त्यावर दूध-अंडी लिहिते. ते पुसून पोरीने लिहिलं: सुया ३, कात्री १, टाचण्या ८. ती फळ्याची सिस्टर, मी टेबलाची सिस्टर. कामाला सुरुवात करताना मोजायचं, मध्ये मोजायचं आणि बाहुली बंद करायच्या आधी मोजायचं. मोठ्याने, दोघींनी, बोट लावून. मोजणी जुळली नाही तर बंद करायचं नाही, मग डॉक्टर कितीही ओरडो.

"डॉक्टर कौन है?"

"तुझी मम्मा. ती ओरडतेच."

मोजताना मी एक-दोन-तीन म्हणायची, ती वन-टू-थ्री. दोन दिवसांत तीही एक-दोन-तीन म्हणायला लागली. कारण आमचा फळ्याचा नियम होता, दोघींनी एकाच भाषेत मोजायचं, आणि तिच्यापेक्षा माझा आवाज मोठा आहे.

गुरुवारपर्यंत बाहुलीला काळ्या लोकरीचे केस आले. डोळे मी भरले, एक मोठा, एक लहान. पोरगी म्हणाली, मम्माच्या हॉस्पिटलमध्ये दाखवू. माझ्याकडे ओटीतली जुनी हिरवी टोपी होती, उगाच जपून ठेवलेली. तिचा फ्रॉक झाला. बेंबीच्या जागी कापसाची गोळी आतून बसवून उंचवटा केला. त्याच दिवशी ऑपरेशनही झालं. पोरीने चीर दिली, गोळी आत ढकलली, मी बोटं धरली आणि तिने चार टाके घातले. जाडे, तिरके, पण घट्ट. मोजणी बरोबर. सुया तीन. फळ्यावर तिने बरोबरची एवढी मोठी खूण केली. संध्याकाळी जेवताना मुलीला म्हणाली, "मम्मा, दे काउंट. ॲक्चुअली काउंट." मुलीने माझ्याकडे असं बघितलं की मामूल माफ झालं असावं.

राहिलं होतं ते कडेचं तोंड. अजून थोडा कापूस भरायचा, डोकं लटपटत होतं तिथे लांब सुईने मानेत दोन टाके घालायचे आणि बंद करायचं. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी त्याच कामाला बसलो.

नेमके जावई आले. दारात बॅग पडल्याचा आवाज झाला आणि फळ्याची सिस्टर ड्युटी सोडून पळाली. मी मानेत टाके घालत होते. जावई आत येऊन वाकून नमस्कार करायला लागले, तेव्हा हातातली सुई मी कुठेतरी खोचली, आशीर्वाद दिला, विमान वेळेवर होतं का विचारलं आणि पुन्हा कामाला लागले. मनात म्हटलं, पोरगी बापाला बिलगली आहे, आपणच उरकून टाकू. कापूस ठासून भरला. कडेचं तोंड बारीक टीप घालून असं बंद केलं की शिवण शोधून सापडू नये. मान तिरकी करून दोनदा बघितलं. स्वतःवरच खूश.

पोरगी परत आली. बाहुली उचलली, दाबली, वास घेतला. मग म्हणाली, "क्लोज किया? काउंट किया?"

फळ्यावर सुया तीन. माझ्या सुया खोचायच्या चिंधीत दोन.

मी मांडीवर पाहिलं, पलंगावर पाहिलं, ओढणीत पाहिलं. पोरगी माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने बाहुली खाली ठेवली, आपला फ्रॉक पोटावर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "मतलब, होता है."

रविवार दोन दिवसांवर आला होता.

खरं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यात सोपा मार्ग दिसला. मुलीच्या कपाटात शिवणाचा डबा आहे, त्यात डझनभर सुया. 'ही बघ, इथे पडली होती' म्हणायला कितीसा वेळ? मी उठलेसुद्धा. कपाटापर्यंत गेले. आणि तिथे मला ती काळ्या चष्म्यातली बया भेटली. परत येऊन खाली बसले.

"इकडे ये," मी म्हटलं. "तुला एक गोष्ट सांगते. ही मी कोणाला सांगितलेली नाही."

हाइलमधलं माझं पहिलं वर्ष. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत टेबलावर एक बाई, पोटाचं ऑपरेशन. सर्जन इजिप्तचे, वयस्कर, सकाळपासून उभे. फळ्यापाशी केरळची एक सीनियर सिस्टर. बंद करायची वेळ आली, सर्जन म्हणाले, "यल्ला सिस्टर, काउंट?" मी मोजलं, एक सुई कमी. पुन्हा मोजलं, तरी कमीच. सर्जन ओरडले, "यल्ला!", म्हणजे आटपा, आणि मी, माणसं शिवणारी मी, म्हटलं, "करेक्ट."

"झूठ?" पोरीचे डोळे मोठे झाले.

"झूठ."

"फिर?"

"मग त्यांनी पहिला टाका घातला. त्यांनी दुसऱ्या टाक्यासाठी हात पुढे केला आणि मी सुई दिलीच नाही. म्हटलं, नाही डॉक्टर, एक कमी आहे. मी खोटं बोलले."

सर्जननी मला अरबीत काय काय म्हटलं ते तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं, आणि इथे लिहिता येत नाही. पण टाका उसवला. सगळे शोधायला लागले. केरळच्या सिस्टरने जमिनीवर गुडघे टेकून लोहचुंबक फिरवलं. टेबलाखाली नाही, बादलीत नाही. शेवटी ती माझ्या पायाशी आली आणि म्हणाली, "पाय उचल."

सुई माझ्याच रबरी चपलेच्या तळाला टोचलेली होती.

पोरगी पलंगावर आडवी पडून हसायला लागली. "चप्पल में! आजी के चप्पल में!" हसता हसता फ्रॉक सुटला हातातून.

"आई."

दारात माझी मुलगी उभी होती. कधीची, देव जाणे.

"मला तर तू असं सांगितलं होतंस की डॉक्टर सुई विसरत होते आणि तू त्यांना थांबवलंस. पेशंट वाचवलास."

"थांबवलं ना. तेवढं खरंय."

"त्या गोष्टीवर मी मेडिकलला गेले, आई!"

"चांगलं झालं की. चपलेची गोष्ट सांगितली असती तर गेली असतीस का?"

ती चिडायला गेली, पण तिला हसू आवरलं नाही. शेजारी येऊन बसली. माझ्या मनात आलं, ही गोष्ट मी चाळीस वर्षं सोन्याच्या घड्याळासारखी मिरवली, आणि कोणाच्या उपयोगाला आली तर ती चप्पल.

फ्रिजवरचं उंटाचं चुंबक पोरीनेच आणलं. आम्ही बाहुलीला उताणी झोपवली आणि पोरीने उंट तिच्या पायांपासून वर सरकवत नेला. पाय, काही नाही. पोट, काही नाही. डावी बगल, काही नाही. मानेच्या जरा खाली उंट टुणकन चिकटला आणि बाहुली उंटाबरोबर वर उचलली गेली.

"यहाँ है!"

"मग आता काय करायचं सिस्टर?"

"उघड," ती म्हणाली.

इतकी सुंदर टीप मी उसवली. जीव तुटला, सांगते. कापूस बोटांनी बाहेर काढला आणि त्यात ती लांब सुई, जावयांना आशीर्वाद देताना मी कापसातच खोचलेली. पोरीने ती दोन बोटांत धरून चिंधीत खोचली. मग आम्ही तिघींनी मोजलं. एक, दोन, तीन. मुलीनेही, डॉक्टर असून. त्यानंतरच पोरीने बंद करायची परवानगी दिली, पण मला नाही, कारण कडेचं तोंड तिने स्वतःच शिवलं. अकरा टाके, प्रत्येकाची दिशा वेगळी. बाहुलीच्या बगलेत ते अजून दिसतात. माझी टीप कोणाला दिसली नसती.

रात्री झोपताना पोरगी आईला म्हणाली, "संडे को अगर काउंट गलत हुआ, तो वो लोग बोलेंगे?"

मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. 'कधीच होत नाही' तिच्या ओठांवर आलं असणार. "बोलतील," ती म्हणाली. "आणि नाही बोलले तर तू विचार. तुला विचारायचा हक्क आहे."

रविवारी मुलीने माझी पर्स घरी ठेवायला लावली. झडती घेऊन. माझ्या साखरेची गोळी मुलीच्या बॅगेत.

हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या अलीकडे जमिनीवर एक लाल पट्टा आहे. त्याच्या पुढे घरच्यांनी जायचं नाही. सव्वीस वर्षं मी त्या पट्ट्याच्या पलीकडे उभी राहून लोकांना सांगायची, काळजी करू नका, बसा तिकडे. किती तोऱ्यात सांगायची! आता मी अलीकडे, आणि बसायला सांगणारी नर्स फिलिपिन्सची, माझ्या नातीपेक्षा फार मोठी नसावी असा चेहरा. मला वाटलं, पोरगी आता दार धरणार. मुलीने तिचा हात घट्ट पकडला होता. जावई फाइल छातीशी धरून.

पोरीने बाहुली नर्सपुढे धरली. "हाउ मेनी नीडल्स?"

नर्स खाली उकिडवी बसली आणि म्हणाली, आज आपण किती सुया उघडतो ते मी फळ्यावर लिहीन, बंद करायच्या आधी मोजेन, आणि नंतर परत.

"लाउड?"

"व्हेरी लाउड."

"इफ वन इज मिसिंग?"

"देन नोबडी गोज होम," नर्स म्हणाली.

पोरीने आईचा हात सोडला. बाहुलीला काखेत घेतलं, अकरा टाक्यांच्या बाजूने, आणि पट्टा ओलांडून गेली. मागे वळून पाहिलं नाही. मुलगी रडली. मी नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनात मोजत होते, काय ते मला ठाऊक नाही.

पाऊण तासाने दार उघडलं. तीच नर्स बाहेर आली, आणि डॉक्टर असलेल्या माझ्या मुलीला ओलांडून सरळ माझ्याकडे. "ग्रँडमदर? शी सेड टेल यू फर्स्ट. काउंट इज करेक्ट."

मी तिचा हात धरला.

पोरगी अर्धवट जागी होती. बेंबीवर पांढरी पट्टी, शेजारी बाहुलीच्या बेंबीवरही तशीच पट्टी, कोणीतरी आठवणीने लावलेली. डोळे मिटूनच तिने माझं बोट चाचपलं.

"आजी," ती जडशा आवाजात म्हणाली, "चप्पल बघितलीस?"

मी पाय उचलून बघितला.